साताऱ्याचा तुकडा कापला, लेबल मात्र अख्ख्या भारताचं

हवामान विभागाची पावसाची, दर ०.२५ अंशांवर एक बिंदू असलेली जाळी अक्षांश ६.५ ते ३८.५ आणि रेखांश ६६.५ ते १०० अशी पसरलेली आहे. एक्सअरे या पायथॉनच्या लायब्ररीत तिच्यातून सातारा कापला की अक्ष लहान होतात, पण नेटसीडीएफ (अशी जाळीदार माहिती साठवायचा प्रकार) फाईलच्या माथ्यावर, म्हणजे वर्णनाच्या भागात, हद्दीची लेबलं असतील तर ती जुनीच राहतात. फाईली शोधून देणारा कॅटलॉग तीच वाचतो. मग लेहचा पाऊस शोधणाऱ्यालाही ही फाईल सापडते.

नवं लेबल मागितलेल्या चौकटीवरून भरू नका. साताऱ्याची ढोबळ चौकट १७.०५ ते १८.२० आणि ७३.५० ते ७४.९५ धरली, तर हाती येतात फक्त २४ बिंदू: १७.२५ ते १८.०० आणि ७३.५० ते ७४.७५. कापलेल्या अक्षाचा किमान-कमाल काढा, तोच लिहा.

इथे एक गोम आहे. बिंदू हा ०.२५ अंशांच्या चौकोनाचा मध्य असतो, त्यामुळे कडेचा भाग वरच्या कापणीत निसटतो. चौकट चारही बाजूंनी ०.१२५ने वाढवली की ४२ बिंदू येतात: १७.०० ते १८.२५, ७३.५० ते ७५.००. लेबलात मध्य लिहायचा की चौकोनाची कड (१६.८७५ ते १८.३७५, ७३.३७५ ते ७५.१२५), हे ठरवून फाईलमध्येच नोंदवा. दोन्हींची सरमिसळ नको.

अक्षांची आणि पावसाची ‘ॲक्चुअल रेंज’ (फाईलमधल्या प्रत्यक्ष मूल्यांचा किमान-कमाल) ही बदला; तिचा संख्याप्रकार त्या चलाचाच (अक्षाचा किंवा पावसाचा) हवा. ‘व्हॅलिड रेंज’ला हात लावू नका, ती ग्राह्य मूल्यांची मर्यादा आहे. वर्षं कापली असतील तर काळाची सुरुवात-शेवटही दुरुस्त करा.

ईआरए५ या युरोपीय हवामान-माहितीसंचात अक्षांश उत्तरेकडून दक्षिणेकडे उतरतात. चढत्या क्रमाने कापलं तर त्रुटी न दाखवता रिकामा तुकडा मिळतो, म्हणून आधी बिंदू मोजा.

एनसीकेएस या नेटसीडीएफ कापायच्या कमांडमध्ये दशांश चिन्ह विसरू नका. १७.० म्हणजे अंश, नुसतं १७ म्हणजे शून्यापासून मोजलेला क्रमांक. या जाळीत अक्षांश १७, रेखांश ७३ असं दिलं तर बिंदू १०.७५, ८४.७५ मिळतो, म्हणजे थेट बंगालचा उपसागर! अशा फाईलवर लेबल कितीही नेटकं लावलं तरी आत पाऊस नसतोच.

माथ्यावरच्या ‘हिस्ट्री’त, म्हणजे फाईलवर काय काय केलं त्या नोंदीत, कापणीची ओळ जोडा, जुनी पुसू नका. शेवटी एनसीडम्प या फाईलचा मजकूर दाखवणाऱ्या कमांडने माथा आणि अक्ष शेजारी ठेवून ताडून पाहा.