उसातील पिवळ्या पानांचा विषाणू: ओळख आणि जनुकीय तपासणी

उसाची पाने पिवळी पडली की शेतात पहिला संशय खतावर किंवा पाण्यावर घेतला जातो, म्हणून नमुना घेण्यापूर्वी पान उलटून पाहावे. पिवळ्या पानांच्या रोगात लागणीनंतर साधारण सहा ते आठ महिन्यांनी, शेंड्याकडून तिसऱ्या ते सहाव्या पानाची मध्यशीर खालच्या बाजूने पिवळी होते आणि पाते काही काळ हिरवेच राहते. केवड्यात, म्हणजे लोहाच्या कमतरतेत, चित्र उलटे असते: कोवळ्या पानांच्या शिरा हिरव्या राहतात आणि त्यांमधील भाग पिवळट-पांढरा होतो. तरीही डोळ्यांवर विसंबू नये, कारण फायटोप्लाझ्मा या जिवाणूसारख्या सूक्ष्मजीवामुळे किंवा पाण्याच्या ताणामुळेही मध्यशीर पिवळी पडू शकते आणि विषाणू असलेला ऊस कधीकधी पूर्ण निरोगी दिसतो.

हा विषाणू पोलेरोव्हायरस या आरएनए विषाणूंच्या वंशातला आहे. तो बेण्यातून आणि माव्यामार्फत, मुख्यतः मेलानॅफिस सॅकारी या जातीमार्फत, पसरतो. तो अन्नवाहिन्यांपुरताच राहत असल्याने पात्याऐवजी मध्यशिरेचे तुकडे घ्यावेत. लक्षणे असलेल्या आणि नसलेल्या, दोन्ही प्रकारच्या उसांचे नमुने वेगवेगळ्या पिशव्यांत घालून बर्फावर आणावेत आणि लगेच काम होणार नसेल तर उणे 80 अंश सेल्सिअसला ठेवावेत.

उसाच्या पानात फिनॉल आणि शर्करायुक्त पदार्थ भरपूर असल्यामुळे आरएनए काढताना द्रावणात पीव्हीपी (फिनॉल बांधून ठेवणारा पदार्थ) घालणे हिताचे ठरते. पुढच्या पायरीवर नवशिके हमखास फसतात. उसाच्या मोझॅक रोगाच्या विषाणूंच्या आरएनएला पॉली-ए शेपूट (टोकाला सलग ए बेस) असते, त्यामुळे त्यांचा सीडीएनए, म्हणजे आरएनएवरून बनवलेली डीएनए प्रत, त्या शेपटीला चिकटणाऱ्या ऑलिगो-डीटी प्रायमरने (प्रत सुरू करणाऱ्या छोट्या डीएनए तुकड्याने) तयार होतो. पोलेरोव्हायरसला ती शेपूट नसल्याने येथे रँडम हेक्सामर (कोठेही चिकटणारे सहा बेसचे प्रायमर) किंवा विषाणूविशिष्ट उलट प्रायमरच वापरावा लागतो, अन्यथा रोगट नमुनाही निरोगी ठरेल. त्यानंतर आवरण-प्रथिनाच्या जनुकावरील, बराच काळ वापरात असलेल्या वायएलएस 111 आणि वायएलएस 462 या प्रायमरजोडीने पीसीआर (डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या असंख्य प्रती काढण्याची पद्धत) केल्यास अॅगारोज जेलवर सुमारे 350 बेसची पट्टी दिसते. सोबत खात्रीचा रोगट नमुना, तपासून विषाणूमुक्त ठरलेले ऊतीसंवर्धित रोप आणि केवळ पाणी असलेली नळी ठेवावी. उसाच्याच एखाद्या जनुकाची पट्टीही पाहावी, म्हणजे नकारात्मक निकाल विषाणू नसल्यामुळे आला की आरएनए खराब झाल्यामुळे, हे कळते.

पट्टी मिळाली म्हणजे विषाणूची उपस्थिती कळली. त्याचा जनुकीय प्रकार मात्र त्यावरून ठरवू नये. आवरण-प्रथिनाचे जनुक निरनिराळ्या देशांतील विषाणूंत फारसे बदलत नाही, आणि फरक अधिक दिसतो तो जीनोमच्या सुरुवातीच्या भागात, म्हणून किमान तो भाग तरी वाचावा. संपूर्ण जीनोम (विषाणूची सगळी जनुकीय माहिती) सुमारे 5,900 बेसचा, म्हणजे आटोपशीर आहे. एकमेकांवर चढणारे पाच-सहा तुकडे वाढवून दोन्ही बाजूंनी सँगर या क्रमवाचनाच्या पद्धतीने वाचले तर तो जुळवता येतो आणि जीनोमच्या दोन्ही टोकांसाठी रेस ही टोके वाढवून वाचण्याची पद्धत वापरावी लागते. प्रायमरचा क्रम कापूनच जुळणी करावी, कारण तो विषाणूचा नसून आपणच घातलेला असतो.

जुळवलेला क्रम ब्लास्ट या क्रम शोधणाऱ्या साधनावर तपासावा, ब्राझील, क्यूबा, पेरू, रियुनियन, चीन आणि भारत येथील ज्ञात प्रकारांचे क्रम घेऊन मेगा या संगणकप्रणालीत वंशवृक्ष काढावा आणि फांद्यांची खात्री 1,000 बूटस्ट्रॅप आवृत्त्यांनी (माहितीतून पुन्हा पुन्हा नमुने घेऊन काढलेल्या वृक्षांनी) पाहावी. या विषाणूचा जीनोम मुळातच पुनर्संयोगातून, म्हणजे वेगवेगळ्या विषाणूंचे तुकडे जोडले जाऊन, घडलेला असल्याने आरडीपीसारख्या संगणकप्रणालीने तशी चाचणी आवर्जून करावी. निरनिराळ्या भागांवरून काढलेले वृक्ष एकमेकांशी जुळत नसतील तर त्याचे कारण बहुधा तेथेच सापडते. विषाणूच्या नव्या जातीचा दावा करण्यापूर्वी मात्र पोलेरोव्हायरसचा निकष लक्षात घ्यावा: कोणत्याही एका प्रथिनात दहा टक्क्यांहून अधिक अमिनो आम्ले वेगळी असावी लागतात.

जेनबँक या जनुकीय क्रमांच्या सार्वजनिक संग्रहात क्रम जमा करताना वाण, गाव, नमुन्याची तारीख आणि ऊस लागणीचा होता की खोडव्याचा, हेही नोंदवावे.