छायाचित्रातील वस्तू भूमितीच्या आधारे कशी ओळखावी

टेबलावर पसरलेल्या पुस्तकांच्या छायाचित्रातून एक ठरावीक मुखपृष्ठ संगणकाकडून शोधून घ्यायचे असेल, तर हजारो नमुने गोळा करून न्यूरल नेटवर्क शिकवण्याची गरज नसते. त्या मुखपृष्ठाचा समोरून काढलेला एक स्वच्छ फोटो आणि ओपनसीव्ही ही छायाचित्रांवर काम करणारी मोफत सॉफ्टवेअर लायब्ररी एवढ्यावर काम भागते.

प्रथम दोन्ही छायाचित्रे करड्या छटांत बदलून त्यांतील ठळक बिंदू, म्हणजे कीपॉइंट, शोधावेत. त्यासाठी डेव्हिड लोव यांनी १९९९ मध्ये मांडलेली सिफ्ट पद्धत आजही भरवशाची आहे. ती प्रत्येक बिंदूचे स्थान, आकारमान आणि दिशा नोंदवते व त्याच्या भोवतालचा भाग १२८ आकड्यांच्या वर्णनात, म्हणजे डिस्क्रिप्टरमध्ये, उतरवते. त्यामुळे पुस्तक आडवे पडलेले असो वा दूर असो, तोच बिंदू पुन्हा ओळखता येतो. तिच्या पेटंटची मुदत २०२० मध्ये संपली असल्याने ती वापरण्यात आता अडचण नाही.

यानंतर मुखपृष्ठावरील प्रत्येक डिस्क्रिप्टरसाठी दुसऱ्या छायाचित्रातील सर्वांत जवळचे, म्हणजे आकड्यांत सर्वांत कमी अंतर असलेले, दोन डिस्क्रिप्टर काढावेत आणि पहिल्याचे अंतर दुसऱ्याच्या अंतराच्या ०.८ पटीपेक्षा कमी असेल तरच ती जोडी ठेवावी. शीर्षकातला ‘क’ शेजारच्या पुस्तकावरही तशाच वळणात छापलेला असेल, तर दोन्ही अंतरे जवळपास सारखी येतात आणि अशी संदिग्ध जोडी येथेच गळून पडते.

तरीही उरलेल्या जोड्या पुरावा मानू नयेत, कारण त्या केवळ साम्य दाखवतात. खरा निवाडा भूमिती करते. मुखपृष्ठ सपाट असल्याने त्याच्यावरील सर्व बिंदू एकाच होमोग्राफीने, म्हणजे सपाट पृष्ठभागावरील बिंदू एका छायाचित्रातून दुसऱ्यात नेणाऱ्या तीन बाय तीन आकड्यांच्या एकाच मॅट्रिक्सने, दुसऱ्या छायाचित्रात नेता आले पाहिजेत, आणि ही होमोग्राफी ठरवायला चार जोड्या पुरतात. फिशलर आणि बोल्स यांच्या १९८१ मधील रॅन्सॅक पद्धतीत चार जोड्या यदृच्छेने निवडून होमोग्राफी काढतात, उरलेल्यांपैकी किती जोड्या तिच्याशी दोन-तीन पिक्सेलांच्या आत जुळतात ते मोजतात आणि सर्वाधिक पाठिंबा मिळालेली होमोग्राफी स्वीकारतात. निम्म्या जोड्या खऱ्या असतील, तर निदान एकदा चारही खऱ्या जोड्या हाती लागण्याची ९९ टक्के खात्री ७२ प्रयत्नांत मिळते. खऱ्या जोड्या ३० टक्क्यांवर आल्या, तर त्याच खात्रीसाठी सुमारे ५६६ प्रयत्न करावे लागतात. म्हणून आधीची गाळणी कडक ठेवण्यातच शहाणपण आहे.

शेवटी मुखपृष्ठाचे चार कोपरे या होमोग्राफीने दुसऱ्या छायाचित्रात उतरवून त्यांचा चौकोन प्रत्यक्ष काढून पाहावा, आणि ही पायरी कधीही गाळू नये. बाजू एकमेकींना छेदत असतील किंवा चौकोन रेषेसारखा चपटा झाला असेल, तर जुळलेल्या जोड्यांचा आकडा कितीही आकर्षक दिसला तरी ती ओळख नाकारावी. जुळलेले सगळे बिंदू एकाच कोपऱ्यात, उदाहरणार्थ प्रकाशकाच्या बोधचिन्हावर, दाटलेले असतील, तर ते चिन्ह त्याच प्रकाशकाच्या दुसऱ्या पुस्तकावरचेही असू शकते; म्हणून बिंदू मुखपृष्ठभर पसरलेले आहेत की नाही, हेही तपासावे.

ही रीत छपाई, चित्रे, फलक अशा सपाट आणि तपशीलवार पृष्ठभागांसाठी आहे. चहाच्या किटलीसारख्या गोलाकार वस्तूला एकच होमोग्राफी लागू पडत नाही, आणि कोऱ्या चकचकीत स्टीलवर टिकाऊ कीपॉइंटच मिळत नाहीत. तेथे कडांची बाह्यरेषा जुळवणारे सामान्यीकृत हफ रूपांतर वापरून पाहावे.