सायबर ड्रॅगन डेक खेळताना या चुका टाळा

यू-गी-ओ या पत्त्यांच्या खेळातला सायबर ड्रॅगन दिसायला सरळ आहे: लेव्हल ५, अटॅक २१००, आणि समोरच्याकडे मॉन्स्टर असून आपलं मैदान रिकामं असेल तर हातातून थेट स्पेशल समन, म्हणजे नेहमीच्या नॉर्मल समनखेरीज मैदानात उतरवणं. हातात दोन असले की बरेच जण पहिल्यामागोमाग दुसराही तसाच उतरवायला जातात. पहिला उतरला की मैदान रिकामं कुठे राहिलं? आपला पालथा ठेवलेला मॉन्स्टरही मोजला जातो, हेही विसरू नका.

डाव सर्वांत जास्त घालवते ती पॉवर बॉन्ड, म्हणजे मशीन मॉन्स्टर एकत्र करून (फ्यूजन) मोठा मशीन आणणारी आणि त्याचा अटॅक दुप्पट करणारी स्पेल. अशा फ्यूजनने येणाऱ्या सायबर एंड ड्रॅगनला ‘सायबर ड्रॅगन’ याच नावाचे तीन मॉन्स्टर लागतात, बदली चालत नाही. सायबर ड्रॅगन कोर आणि हर्ट्झ या मॉन्स्टरना ते नाव मिळतं फक्त मैदानात आणि ग्रेव्हयार्डमध्ये (वापरून झालेल्या कार्डांच्या ढिगात), हातात नाही. म्हणून हातात दोन सायबर ड्रॅगन आणि एक कोर असेल तर आधी कोर नॉर्मल समन करा, त्याच्या इफेक्टने डेकमधून सायबर स्पेल किंवा ट्रॅप घ्या, मगच फ्यूजन. अटॅक ४००० चा ८००० होतो खरा, पण समोर २५०० अटॅकचा मॉन्स्टर उभा असेल तर प्रतिस्पर्ध्याचे ५५०० च लाइफ पॉइंट जातात, आणि एंड फेजला, म्हणजे टर्नच्या शेवटी, तुमचे ४००० जातात. ड्रॅगन मधेच मेला तरी जातात. त्याच टर्नला डाव संपत नसेल तर पॉवर बॉन्ड हातातच राहू द्या.

ओव्हरलोड फ्यूजन या दुसऱ्या फ्यूजन स्पेलने फक्त डार्क मशीन येतात, त्यामुळे लाइट असलेला सायबर एंड नाही.

समोरच्याची कार्डं अडवणारा सायबर ड्रॅगन इन्फिनिटी बनवताना घाई नको. सायबर ड्रॅगन नोव्हा या मॉन्स्टरवर थेट चढवला तर तीन मटेरियल (त्याच्याखाली राहणारी कार्डं), अटॅक २७००. ग्रेव्हयार्डमध्ये सायबर ड्रॅगन असेल तर आधी नोव्हाचं एक मटेरियल काढून तो परत आणा. इन्फिनिटी २५०० चा होईल, पण मैदानात एक मॉन्स्टर जास्त. समोरचा मॉन्स्टर ओढून घ्यायचा तर तो अटॅक पोझिशनमध्ये हवा, टोकन (कार्डाविना उभा केलेला तात्पुरता मॉन्स्टर) चालत नाही. शेवटचं मटेरियल फुटकळ कार्डावर खर्चू नका, नंतर अडवायला काही उरत नाही.

आणि इन्फिनिटी आहे म्हणून निर्धास्त राहू नका. कायमेराटेक फोर्ट्रेस ड्रॅगन दोन्ही बाजूंचे मशीन मटेरियल म्हणून गिळतो, तेही चेन न लावता, म्हणजे उत्तराला जागा न ठेवता. इन्फिनिटी अडवू शकतो फक्त कार्ड किंवा इफेक्ट वापरायला घेणं, म्हणजे अ‍ॅक्टिव्हेशन. इथे अ‍ॅक्टिव्हेशनच नाही. प्रतिस्पर्ध्याच्या मैदानात सायबर ड्रॅगन आला की तुमचा इन्फिनिटी धोक्यात आलाच म्हणून समजा.

जून ते सप्टेंबर पुण्याच्या दमट हवेत फॉइल (चकचकीत) कार्डं वाकतात, आणि वाकलेलं कार्ड डेकमध्ये ओळखू येतं. स्पर्धेत ते मार्क्ड, म्हणजे खूण केलेलं, धरलं जाऊ शकतं. ही कार्डं ५९×८६ मिमीची असतात, त्यांना ६२×८९ चे स्लीव्ह बसतात. ६६×९१ चे घेतले तर कार्ड आत हलतं आणि कडा घासतात. स्लीव्ह कोरड्या दिवशी घाला, डेकबॉक्समध्ये सिलिका जेलची पुडी ठेवा.