फेरी, उघडी वास्तू आणि व्याख्यान : आयोजकांसाठी तयारीची यादी

फेरीत काय सांगायचं यावर महिनाभर खल होतो आणि गच्चीच्या दाराची किल्ली कोणाकडे आहे हे त्या दिवशी सकाळी साडेसातला कळतं. मोठ्या शहरातल्या अशा कार्यक्रमांचा विचका बहुतेक वेळा इथेच होतो. म्हणून ही यादी विषयाची नाही, विषय सोडून बाकी सगळ्याची आहे. दिवस असा धरला आहे: सकाळी पायी फेरी, दुपारी एरवी बंद असलेली एक वास्तू सगळ्यांना खुली आणि संध्याकाळी तिच्यावर व्याख्यान.

सुरुवात तारखेपासून करा. १८ एप्रिलला जागतिक वारसा दिन असतो, १८ मे रोजी आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिन. हा दुसरा १९७७ पासून पाळला जातो. या तारखा मोहात पाडतात, पण त्याच दिवशी शहरात आणखी चार ठिकाणी असंच काही चाललेलं असतं आणि चांगले व्याख्याते आधीच कोणाला तरी शब्द देऊन बसलेले असतात. लगतचा शनिवार-रविवार जास्त सोयीचा. तो पक्का करण्याआधी परीक्षा, मोठे सामने, मिरवणुका आणि मॅरेथॉनसाठी बंद होणारे रस्ते तपासा. परवानगी तोंडी घेऊ नका. कागदावर पाच गोष्टी हव्यात: कोणत्या खोल्या खुल्या, एका वेळी किती माणसं, फोटो चालतील की नाही, दार कोण उघडणार आणि कोण लावणार. दुसरी किल्ली ज्याच्याकडे आहे त्याचा नंबरही त्याच कागदावर लिहा.

कोणत्या खोल्या मागायच्या हे ठरवताना लोक कशासाठी येतात ते लक्षात ठेवा. फ्रान्सने १९८४ मध्ये ऐतिहासिक वास्तूंची दारं लोकांसाठी उघडण्याचा उपक्रम सुरू केला आणि तीच कल्पना पुढे युरोपभर वारसा दिन म्हणून पसरली. लंडनमध्ये ‘ओपन हाउस’ १९९२ पासून होतं. या सगळ्याचा जीव एरवी बंद असलेल्या दारात आहे. दिवाणखान्यात फलक लावून प्रदर्शन मांडलं आणि घड्याळाचा मनोरा कुलपात ठेवला, तर लोक फलकांपाशी न थांबता मनोऱ्याबद्दलच विचारत राहतात. एकच खोली मिळणार असेल तर पोटमाळा, यंत्रघर किंवा जुन्या नकाशांची खोली मागा.

आता फेरी. दोन तासांसाठी दोन किलोमीटर ही वरची मर्यादा. हिशोब सोपा आहे. आठ थांबे, प्रत्येकी सात मिनिटं, म्हणजे छप्पन्न मिनिटं. घोळका तासाला तीन किलोमीटरच्या वर सरकत नाही, म्हणजे चालण्यात चाळीस मिनिटं. उरलेली चोवीस मिनिटं सिग्नल, मागे राहिलेल्यांची वाट आणि ‘एक मिनिट, एक फोटो’ यांत जातात. नववा थांबा घातलात की शेवटचा थांबा घाईत उरकावा लागतो, आणि बहुतेक वेळा शेवटी राखून ठेवलेलाच थांबा सगळ्यात चांगला असतो.

रंगीत तालीम त्याच वारी आणि त्याच वेळी घ्या. मंगळवारी संध्याकाळी शांत वाटलेल्या गल्लीत शनिवारी सकाळी टेम्पो माल उतरवत असतात. तालमीला विषय माहीत नसलेली तीन माणसं घ्या. एकाने प्रत्येक थांब्याला घड्याळ लावायचं, एकाने पाच मीटर मागे उभं राहून ऐकू येतं का ते सांगायचं आणि एकाने पायाखाली बघायचं: उखडलेल्या फरश्या, उघडी गटारं, खांबांच्या तारा. थांबा ठरवताना वास्तू चांगली दिसते का एवढंच पाहून भागत नाही. ऐकणाऱ्यांची पाठ सूर्याकडे हवी, बोलणाऱ्याच्या डोळ्यांवर ऊन आलं तरी चालेल. बोलणाऱ्याच्या पाठीशी भिंत असेल तर आवाज पुढे फेकला जातो. पाठीशी रस्ता असेल तर प्रत्येक बस एक वाक्य गिळते. वास्तू मोक्याच्या चौकात असेल तर तिच्याबद्दलचं बोलणं आधीच्या गल्लीतच उरका आणि चौकात फक्त दाखवा. नवखे मार्गदर्शक कमानीकडे बोट करतात आणि कमानीकडे तोंड करूनच बोलत राहतात. आधी दाखवायचं, मग लोकांकडे वळायचं आणि मगच बोलायचं, हे तालमीत टोकून टोकून अंगवळणी पाडावं लागतं.

एका तुकडीत वीस माणसं चांगली, पंचवीस म्हणजे डोक्यावरून पाणी. पुढे मार्गदर्शक आणि सगळ्यात मागे शेपटीचा माणूस. हे काम उत्साही नवख्याला देऊ नका, तिथे शांत डोक्याचा माणूस लागतो. पंचवीस जण एका हिरव्या दिव्यात रस्ता ओलांडत नाहीत, म्हणून प्रत्येक ओलांडणीनंतर त्याने डोकी मोजायची आणि त्याचा हात वर गेल्याशिवाय मार्गदर्शकाने तोंड उघडायचं नाही. दुसरी तुकडी वीस मिनिटांनी सोडा. दहा मिनिटांचं अंतर तिसऱ्या थांब्यापर्यंत मिटतं आणि मग दोन मार्गदर्शक एकाच भिंतीखाली एकमेकांवर आवाज चढवत उभे राहतात.

नोंदणी मोफत असेल तर नाव दिलेले सगळे येत नाहीत, म्हणून वीस जागांसाठी पाच-सहा नावं जास्त घ्या आणि प्रतीक्षायादी ठेवा. आदल्या दिवशी दुपारी निरोप पाठवा आणि उत्तर मागा. उत्तर न आलेली जागा रात्री आठला पुढच्याला द्या. निरोपात ‘मुख्य दारापाशी भेटू’ लिहू नका, कारण जुन्या वास्तूंना तीन मुख्य दारं असतात. जागेचा फोटो जोडा आणि जमायची वेळ नि निघायची वेळ वेगवेगळी लिहा. चढ-उताराबद्दल मोजून सांगा. ‘थोड्या पायऱ्या आहेत’ या वाक्याला अर्थ नाही. ‘४२ पायऱ्या, कठडा फक्त डाव्या हाताला, मध्ये बसायला जागा नाही’ असं लिहिलं की गुडघेदुखीचा माणूस घरीच निर्णय घेऊ शकतो. चाकाची खुर्ची कुठपर्यंत जाते आणि स्वच्छतागृह कुठे आहे हेही त्यातच. ते स्वच्छतागृह रविवारी उघडं असतं का, ते रविवारी जाऊनच बघा.

दुपारच्या उघड्या वास्तूत खरा प्रश्न रांगेचा. खोलीत एका वेळी पंधरा माणसं आणि प्रत्येक तुकडीला दहा मिनिटं धरली, तर तासाला नव्वद माणसं आत जातात. रांगेतला एकशेऐंशीवा माणूस दोन तास उभा राहणार. त्याला हे दोन तासांनी कळलं तर तो भांडतो, आधी कळलं तर फिरून परत येतो. म्हणून रांगेत अंदाजे नव्वदाव्या माणसापाशी ‘इथून पुढे एक तास’ आणि एकशेऐंशीव्यापाशी ‘इथून पुढे दोन तास’ अशा पाट्या धरून माणसं उभी करा. पाचला बंद करायचं असेल तर चारला रांगेत नव्वद जण आहेत का ते मोजा आणि असतील तर रांग तिथेच थांबवा. शेवटच्या माणसामागे ‘रांग बंद’ची पाटी घेऊन स्वयंसेवक उभा हवा. पाटी भिंतीला टेकवून ठेवली तर तिच्या पुढे लोक येऊन उभे राहतात आणि ती दिसेनाशी होते.

आत किती माणसं घ्यायची हा आकडा उत्साहावर ठरवू नका. लाकडी फळ्यांची जमीन किंवा जुना सज्जा असेल तर हा आकडा स्ट्रक्चरल इंजिनियरकडून लेखी घ्या. माणसं खोलीभर सारखी पसरत नाहीत. खिडकी दिसली की सगळी एका टोकाला गोळा होतात आणि भार तिथेच येतो. सज्जाच्या दाराशी एक माणूस फक्त मोजायला ठेवा. जिना अरुंद असेल तर वर जाणारे आणि खाली येणारे एकत्र सोडू नका, वर-खाली दोघांकडे फोन किंवा वॉकीटॉकी असू द्या. पाठीवरच्या पिशव्या पोटावर घ्यायला सांगा, कारण वळताना त्या भिंतीचा गिलावा खरवडतात आणि पिशवीवाल्याला पत्ताही नसतो. पोटमाळ्यासाठी दोन विजेऱ्या आणि सुटे सेल ठेवा. फोनचा उजेड तुळयांच्या सांध्यापर्यंत पोचत नाही. स्वयंसेवक दोन तासांनी बदला आणि दर चार जणांमागे एक मोकळा ठेवा. प्रत्येकाच्या हाती एक चिठ्ठी द्या: वास्तू कधीची, फोटो चालतो का, किती वेळ लागेल, स्वच्छतागृह कुठे, बंद कधी. वास्तूच्या बांधणीचे बारकावे पाठ करण्यापेक्षा या पाच उत्तरांचा उपयोग जास्त. ठाऊक नसलेल्या प्रश्नाला ‘माहीत नाही’ म्हणायचं आणि प्रश्न लिहून घ्यायचा. दंतकथा तयार होतात त्या अशाच वेळी ठोकून दिलेल्या उत्तरांतून.

व्याख्यानाला पंचेचाळीस मिनिटं आणि प्रश्नांना पंधरा. प्रास्ताविक तीन मिनिटांच्या वर गेलं तर ते व्याख्यात्यांच्या वेळातून जातं, हे निवेदकाला आधीच सांगा. स्लाइड आदल्या दिवशी मागवा आणि सभागृहातल्याच लॅपटॉपवर, त्याच प्रोजेक्टरवर एकदा पूर्ण फिरवा. युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली मराठी दुसऱ्या यंत्रावर रोमन अक्षरांचा चिवडा होऊन दिसते. पीडीएफ करताना फॉन्ट त्यातच बसवला तर ही वेळ येत नाही. तरीही पेनड्राइव्हवर पीडीएफ आणि मूळ फाइल दोन्ही ठेवा. जुने नकाशे उजेडात पुसट दिसतात, तेव्हा पडद्यावरचे दिवे वेगळ्या बटणावर आहेत का ते बघा. लॅपटॉप व्याख्यात्यांच्या समोर ठेवा, नाहीतर ते पडद्याकडे वळून वाचतात आणि हातातला माइक छातीपाशी राहून आवाज गायब होतो. कॉलर माइक ओढणी किंवा जाकिटावर घासून खरखर करतो, तो कापडाच्या घट्ट कडेला लावा. माइक स्पीकरच्या पुढे गेला की स्पीकरचाच आवाज पुन्हा त्यात शिरतो आणि शिट्टी वाजते. व्यासपीठावर चिकटपट्टीने एक रेघ मारा आणि तिच्या पुढे जाऊ नका म्हणून सांगा. रिकाम्या सभागृहात जमवलेला आवाज भरल्यावर कमी पडतो, कारण माणसं आवाज शोषतात, म्हणून थोडा चढाच ठेवा. सेल नवे घाला. प्रश्न विचारणाऱ्याकडे माइक पोचत नसेल तर निवेदकाने प्रश्न पुन्हा म्हणावा. मागच्यांना फक्त उत्तर ऐकू आलं की ते आपसात बोलू लागतात.

एका पिशवीत हे सगळं भरून ठेवा: एचडीएमआय केबल आणि दोन प्रकारचे अॅडॉप्टर, लांब वायरचा बोर्ड, चिकटपट्टी, कात्री, जाड मार्कर, कोऱ्या पाट्या, सुतळी, प्रथमोपचाराचं सामान, नोंदणीची छापील यादी. फोनवरची यादी उन्हात दिसत नाही.

रात्री सामान आवरताना किल्ल्या ज्याच्याकडून घेतल्या त्याच्याच हातात द्या आणि सही घ्या. पहारेकऱ्याजवळ ठेवून जाऊ नका. त्यानंतर घरी जाण्याआधी दर तासाला किती माणसं आत गेली, रांग कुठे फुटली आणि कोणत्या थांब्याला किती मिनिटं लागली, हे तालमीच्या कागदाच्या मागे लिहून टाका. पुढच्या वेळी तुकड्या आणि परवानगीतला माणसांचा आकडा याच कागदावरून ठरवायचे आहेत.