हंगाम बघून प्लॅनिंगची पद्धत निवडा

रत्नागिरी-देवगडच्या आंबा बागायतदारांसाठी ॲप बनवणाऱ्या टीमने बारा महिने एकच पद्धत रेटू नये. एप्रिल-मेमध्ये पेट्या सुटत असतात, ‘बिल निघत नाही’ म्हणून फोनवर फोन येतात. तेव्हा दोन आठवड्यांचा स्प्रिंट, म्हणजे ठरलेली कामं ठरलेल्या मुदतीत करायचा टप्पा, आखला तरी तिसऱ्या दिवशी त्याची वाट लागते. या काळात कानबान बरं, म्हणजे एकेक काम कागदावर लिहून बोर्डावर रकान्यातून रकान्यात सरकवायची पद्धत. बोर्डावर ‘करायचं’, ‘चालू’, ‘तपासणी’, ‘झालं’ एवढे रकाने पुरेत, पण ‘चालू’मध्ये एका वेळी किती कामं, याला मर्यादा हवीच. चौघांत तीन कामं, म्हणजे एक जण फोनला किंवा दुसऱ्याच्या मदतीला मोकळा. चौथं काम आलंच, तर हातातलं कुठलं मागे ठेवायचं ते सगळ्यांसमोर ठरवा. खरी मेख या मर्यादेत आहे. नुसते रंगीत कागद चिकटवून काही होत नाही.

पावसाळ्यात फोन थंडावले की नव्या फीचरसाठी स्क्रम घ्या, म्हणजे स्प्रिंट आखून काम करायची पद्धत. या पद्धतीचे नियम सांगणारं ‘स्क्रम गाइड’ स्प्रिंटला जास्तीत जास्त एक महिना देतं. छोट्या टीमला दोन आठवडे पुष्कळ. गणपतीचे दिवस सरळ वगळा, तेव्हा कोकणात डेडलाइन पाळतंय कोण! रेट्रोमध्ये, म्हणजे स्प्रिंट संपल्यावर काय सुधारायचं ते बोलायच्या बैठकीत, तक्रारी ढीगभर निघतील. पुढच्या स्प्रिंटमध्ये त्यातली एकच सुधारणा घ्या आणि ती कोण, कधीपर्यंत करणार ते बोर्डावरच लिहा.