नागपूर-मुंबई विमानाला किती वेळ? हिशेबातल्या या चुका टाळा

"तासाभराचं तर विमान आहे बे," म्हणत आरामात निघालेली माणसं सोनेगावच्या विमानतळावर बंद काउंटरपुढे हुज्जत घालताना दिसतात. विमान उशिरा उडेल या भरवशावर राहू नका. देशातल्या विमानाचं काउंटर साधारण ६० मिनिटं आधीच बंद होतं.

पहिला घोळ अंतराचा. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा, तोही भिवंडीजवळच्या आमणेपर्यंतच. विमानाला वळणं नाहीत; नागपूर-मुंबई हवाई अंतर साधारण ६८० किलोमीटर. मग जेट ताशी ८०० ने उडतं म्हणून भागाकार केला की उत्तर येतं पन्नास मिनिटं, आणि तिकिटावर मात्र जवळपास दीड तास! तिकिटावरची वेळ विमान इथल्या जागेवरून हललं की सुरू होते आणि तिकडे उभं राहिलं की संपते. धावपट्टीपर्यंत जाणं, चढणं, उतरणं सगळं त्यात आलं. शिवाय मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच चालते. गर्दी असली की विमान वरच घिरट्या घालतं.

अमरावतीचं बेलोरा विमानतळ एप्रिल २०२५ मध्ये सुरू झालं. तिथून मुंबई सरळ रेषेत साडेपाचशे किलोमीटर, म्हणजे नागपूरपेक्षा जवळ. तरी हवेतला वेळ वाचत नाही, कारण एटीआर हे पंख्यांचं विमान ताशी पाचशेच्या आसपासच जातं. अचलपूर, चांदूरबाजारकडच्यांचा नागपूरपर्यंतचा रस्ता वाचतो, खरा फायदा तो. फक्त त्या दिवशी विमान आहे का, हे आधी बघा.

आपल्याकडे खरा वेळ रस्त्यावरच जातो. चंद्रपूर किंवा यवतमाळहून नागपूर दीडशे किलोमीटर. एसटीने आलात तर गणेशपेठ बसस्थानक ते सोनेगाव वेगळं. भामरागडवाल्यांनी पावसाळ्यात पर्लकोटा नदीचा पूर धरूनच हिशेब करावा आणि आदल्या दिवशीच नागपूर गाठावं.

सगळ्यात महागात पडते ती मध्यरात्रीची तारीख. तिकिटावर १२ तारीख आणि वेळ ००:४० असेल, तर ११ तारखेला रात्रीचं जेवण करूनच विमानतळावर जायचं. १२ च्या रात्री गेलात तर विमान आदल्या रात्रीच गेलेलं असतं. तिकीट काढणाऱ्या पोरालाच "कोणत्या वाराची रात्र?" असं विचारून घ्या.

परदेशी तिकिटावर दोन्हीकडची वेळ तिथल्या घड्याळाची असते. दुबई आपल्या दीड तास मागे. मुंबईहून रात्री १० ला निघून तिथल्या १२ ला उतरलात, तर प्रवास साडेतीन तासांचा झाला, दोनचा नाही. हिवाळ्यात येताना पश्चिमेचा वारा पाठीशी असतो, त्यामुळे परतीला वेळ थोडा कमीच लागतो.

अंतर शोधताना एनजीपी टाकू नका, तो नागपूर रेल्वे स्टेशनचा कोड. विमानतळाचा एनएजी.

आणि विमान चुकलंच, तर सगळे पैसे बुडाले समजून गप्प बसू नका. भाडं गेलं तरी सरकारी कर आणि विमानतळाचं वापर शुल्क परत मागता येतं. कंपनीकडे तसा अर्ज करा. तिकीट एजंटकडून काढलं असलं तरी परतावा देण्याची जबाबदारी कंपनीचीच.