तक्ता आणि मजकूर मिळून उत्तर काढताय? या चुका टाळा

तक्ता आणि मजकूर दोन्ही असलेल्या दस्तऐवजातून एआय भाषा मॉडेलकडून उत्तर काढताना ‘जायकवाडीत पाणी किती?’ हा प्रश्न एका ओळीचा, पण सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. धरणाची एकूण क्षमता २,९०९ दलघमी (दशलक्ष घनमीटर). त्यात उपयुक्त साठा २,१७१, बाकीचा ७३८ मृतसाठा, म्हणजे तळाचं, एरवी न वापरलं जाणारं पाणी. तक्त्यातली टक्केवारी उपयुक्त साठ्याची असते आणि एकूण क्षमता खालच्या मजकुरात. मॉडेल तक्त्यातून ५० टक्के उचलतं, मजकुरातून २,९०९ उचलतं आणि १,४५५ दलघमी सांगून मोकळं होतं. खरं उत्तर उपयुक्त १,०८६, मृतसाठा धरला तर १,८२४. दोन्ही आकडे कागदावर सापडतात, गुणाकारही चोख, म्हणून तपासणाऱ्याच्या नजरेतून हे हमखास सुटतं.

अशा वेळी मोठं मॉडेल लावायची घाई करू नका, ते हीच चूक जास्त सफाईने करेल. प्रत्येक रकान्यासोबत ओळीचं नाव, पूर्ण शीर्षक, एकक आणि तारीख साठवा. ‘टक्के’ दिसले की कशाचे, हे तिथेच लिहा. मॉडेलकडून फक्त सूत्र आणि रकान्यांचे पत्ते घ्या, हिशोब कोडमध्ये करा. टीएमसी (अब्ज घनफूट) आणि दलघमी एकत्र आले तर आधी एकक एक करा: १ टीएमसी म्हणजे २८.३२ दलघमी.

मॉडेलला देण्यासाठी दर ठरावीक शब्दसंख्येवर दस्तऐवजाचे तुकडे कापणं हा आळस आहे. तक्ता मधोमध तुटला की खालच्या अर्ध्याला शीर्षक उरत नाही, आणि ‘क्षेत्र शंभर हेक्टरमध्ये’ ही कोपऱ्यातली ओळ गेली की उत्तर शंभर पटीने चुकतं. शीर्षक, एकक आणि तळटीप प्रत्येक तुकड्याला पुन्हा जोडा.

‘एकूण’ची ओळ बेरजेत धरू नका.

जुन्या तक्त्यात उस्मानाबाद, नव्या मजकुरात धाराशिव, औरंगाबादचंही तेच. पर्यायी नावांची यादी हातानेच करा. ‘विभाग’ शब्दाला मात्र यादी पुरत नाही: छत्रपती संभाजीनगर महसूल विभागात आठ जिल्हे, त्याच नावाच्या कृषी विभागात तीनच, उरलेले पाच लातूर कृषी विभागात. सोयाबीनचा पेरा विचारला तर विभाग कोणता, हे आधी ठरवा.

नवशिके एका रकान्यात उत्तर मिळणारे प्रश्न विचारतात आणि यंत्रणा चालली म्हणतात. चाचणीचा प्रत्येक प्रश्न तीनदा चालवा: दोन्ही देऊन, मजकूर झाकून, तक्ता झाकून. एक बाजू झाकूनही तेच उत्तर आलं, तर तो प्रश्न दोन्ही जोडण्याची परीक्षा घेतच नाही, यादीतून काढा.